रोजच्या वागण्यातली ममता आणि ख्रिस्ती विश्वास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यासात, उपासना संपल्यावर दाराशी रेंगाळताना, कधी रात्री उशिरा आलेल्या फोनवर, असे वेगवेगळ्या ठिकाणी विचारले गेलेले हे प्रश्न आहेत. विचारणाऱ्यांत मंडळीत लहानाचे मोठे झालेले लोक आहेत आणि नुकतंच शुभवर्तमान वाचायला लागलेलेही आहेत. काही प्रश्न दोन वाक्यांत सुटतात, काहींपाशी थांबावं लागतं. त्यामुळे उत्तरं लहानमोठी आहेत.

दयाळूपणा हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग. त्याचा विश्वासाशी संबंध काय?

काही माणसं जात्याच मऊ असतात, हे खरं आहे. पण प्रेषित पौलाने गलतीकरांना (गलतियातल्या मंडळ्यांना) लिहिलेल्या पत्राच्या 5व्या अध्यायात आत्म्याचं फळ सांगताना प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता यांच्या पाठोपाठ ममता आणि चांगुलपणा यांची नावं घेतली आहेत. हे पत्र काही गरीब स्वभावाच्या लोकांना गेलेलं नाही. त्याच अध्यायात, जेमतेम सात वचनं आधी, तो त्यांना बजावतो की एकमेकांना असंच चावत आणि फाडत राहिलात तर एकमेकांच्या हातून संपून जाल. अशा भांडखोर मंडळीतही ममता येईल अशी त्याची खात्री होती, कारण ती पिकवणारा पवित्र आत्मा होता. आणि पौल स्वतः तरी कोण होता? घराघरांत शिरून विश्वासणाऱ्यांना तुरुंगात टाकणारा माणूस. पुढे तोच थेस्सलनीकेच्या मंडळीला लिहितो की लेकरांना जपणाऱ्या आईसारखे आम्ही तुमच्यात वागलो. तेव्हा “माझा स्वभावच असा आहे” असं म्हणून विश्वासणाऱ्याची सुटका होत नाही.

तापट माणसाने सुरुवात आवाजापासून करावी. मृदू उत्तराने राग शांत होतो, असं नीतिसूत्रांच्या 15व्या अध्यायाचं पहिलंच वचन सांगतं. मनातला राग जायला वेळ लागतो, आवाज मात्र आजच खाली आणता येतो.

तारण कृपेने होतं ना? मग सत्कृत्यांवर एवढा भर कशाला?

इफिसकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायातली 8वी आणि 9वी वचनं बहुतेकांना पाठ असतात: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नाही, म्हणून कोणी बढाई मारू नये. 10वं वचन मात्र अनेकदा वाचायचं राहून जातं. आपण देवाची हस्तकृती आहोत, सत्कृत्यं करत चालावं म्हणून घडवले गेलो आहोत, आणि ती कृत्यंसुद्धा देवाने आधीच योजून ठेवली आहेत, असं पौल तिथे म्हणतो. क्रम महत्त्वाचा आहे. आधी कृपा मिळाली, मग हात मोकळे झाले. देवाला खूश ठेवण्याची धास्ती ज्याच्या मानेवर बसलेली नाही, त्यालाच समोरच्या माणसाकडे नीट पाहता येतं. पुण्याचा हिशेब मांडणाऱ्याचं निम्मं लक्ष वहीत असतं.

याकोब आपल्या पत्रात हाच विषय दुसऱ्या टोकाने धरतो. एखाद्या भावाला किंवा बहिणीला अंगावर धड कपडा नाही, आजचं अन्न नाही, आणि तुम्ही म्हणता, सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव. पण देत काहीच नाही. काय उपयोग? याकोबाचा राग त्या गोड वाक्यावर आहे. आपल्या तोंडी तेच वाक्य “मी प्रार्थना करतो हं” असं येतं. प्रार्थना जरूर करावी. पण जेवण पोचवणं हातात असताना नुसती प्रार्थना पाठवणं, यालाच याकोब मेलेला विश्वास म्हणतो.

‘शेजारी’ म्हणजे नक्की कोण? सगळ्या जगाचं तर करता येत नाही.

हाच प्रश्न नियमशास्त्राच्या एका पंडिताने येशूला विचारला होता आणि त्याचं उत्तर म्हणून आपल्याला चांगल्या शोमरोन्याचा दाखला मिळाला (लूक 10). पंडिताला सीमारेषा हवी होती. कुठवर माझी जबाबदारी आणि कुठून पुढे नाही, एवढंच सांगा, असा त्याचा सूर होता.

हा दाखला आपण इतक्यांदा ऐकलेला असतो की त्याची धार बोथट झाली आहे. ती परत जाणवायची असेल तर एक अध्याय मागे जाऊन वाचावं. शोमरोनी आणि यहुदी यांचं जुनं वैर होतं. लूकच्या 9व्या अध्यायात शोमरोन्यांचं एक गाव येशूला उतरायला जागा देत नाही. त्याचे शिष्य याकोब आणि योहान इतके भडकतात की आकाशातून अग्नी पडून हे लोक भस्म व्हावेत असं म्हणायचं का, असं विचारतात. येशू त्यांना धमकावतो आणि सगळे दुसऱ्या गावाला जातात. हा अपमान ताजा असताना येशू गोष्ट सांगतो आणि त्या गोष्टीतला चांगला माणूस म्हणून शोमरोनीच निवडतो. ज्यांनी दार लावून घेतलं, त्यांच्यातलाच एक जण. शिष्यांच्या घशाखाली हे सहज उतरलं असेल असं वाटत नाही.

आता गोष्टीतला तपशील पाहा. लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला एक माणूस वाटेत पडला आहे; एक याजक आणि एक लेवी, म्हणजे मंदिरात सेवा करणारे दोघे, त्याला पाहून बाजूने निघून जातात. यरुशलेमेहून यरीहोला जाणारी वाट साधारण 27 किलोमीटरची, आणि तेवढ्यात ती हजारभर मीटर खाली उतरते. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर आणि दऱ्या. अशा जागी थांबणं धोक्याचंच. याजक आणि लेवी घाबरले असतील तर ते समजू शकतं. शोमरोनी थांबला. येशू त्याच्या भावनेसाठी एकच शब्द वापरतो, कळवळा, आणि मग कृतीमागून कृती सांगत जातो: जवळ गेला, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली, सकाळी दोन दीनार काढून दिले. एक दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असंही सांगितलं.

सकाळी तो आपल्या वाटेने पुढे गेला, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. जन्मभर त्या जखमीपाशी बसला नाही. उतारशाळेच्या मालकाला सोबत घेतलं, पैशांची सोय केली आणि स्वतःचा प्रवास चालू ठेवला. सगळ्या जगाचं करता येत नाही, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. वाटेत पडलेला एक माणूस मात्र दिसला होता. शेवटी येशू प्रश्नच फिरवतो: या तिघांपैकी त्या माणसाचा शेजारी कोण झाला? पंडिताला “शोमरोनी” असं म्हणवतही नाही. “ज्याने दया केली तो,” एवढंच तो म्हणतो.

मला खरंच वेळ नसतो. नोकरी, घर, मुलं यांतून इतरांसाठी काय करणार?

या प्रश्नात कळकळ असते, म्हणून कोणी तो विचारला की मी त्यांना मार्कचा 5वा अध्याय उघडायला सांगते. याईर हा सभास्थानाचा अधिकारी. त्याची बारा वर्षांची मुलगी शेवटच्या घटका मोजते आहे. येशू त्याच्याबरोबर निघाला आहे, भोवती गर्दी लोटली आहे. इतकं तातडीचं काम क्वचितच असेल. आणि मध्येच तो थांबतो, कारण बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेल्या एका बाईने मागून त्याच्या वस्त्राला हात लावला आहे. ती बरी झालेली आहे. येशू तसाच पुढे जाऊ शकला असता. पण तो तिला शोधतो, ती भीत भीत सगळी हकिकत सांगते आणि तो ती ऐकून घेतो. तिला “मुली” म्हणतो. तो बोलत असतानाच निरोप येतो की याईराची मुलगी गेली.

याईराच्या जागी उभं राहून हा प्रसंग वाचा. मग कळतं की येशूच्या लेखी ती बाई मध्ये आलेला अडथळा नव्हती. त्याची बहुतेक कृत्यं अशीच कुठेतरी जाताना झाली आहेत. बार्तीमय आंधळा यरीहोच्या रस्त्यावर ओरडत होता आणि लोक त्याला गप्प करत होते. जक्कय नावाचा जकातदार त्याला पाहायला झाडावर बसला होता. येशू तेव्हा यरुशलेमेला, वधस्तंभाकडे चालला होता. त्याच्या डोक्यावर आपल्यापेक्षा मोठं ओझं होतं, तरी तो थांबला.

एवढं वाचून “अजून वेळ काढा” असं मी म्हणणार नाही. वेळ काढायला गेलं की तो सापडत नाही. लेवीयच्या 19व्या अध्यायात इस्राएली शेतकऱ्याला आज्ञा आहे: शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करू नकोस, खाली पडलेली कणसं वेचू नकोस, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. परदेशातून आलेली विधवा रूथ बवाजाच्या शेतात वेचत होती ती याच आधारावर. दिवसाचंही असंच करता येतं. कोपऱ्यापर्यंत कापू नका. दहा मिनिटं आधी निघालात तर वाटेत कोणी भेटलं तरी तुमचा जीव कासावीस होत नाही. दोन कामांच्या मध्ये थोडी फट राहू दिली की एखाद्याचा फोन आला असता “बोल, मी ऐकतोय” असं खरं खरं म्हणता येतं. ममतेच्या आड पुष्कळदा घाईच येते. मन त्या मानाने बरं असतं.

बाहेरच्यांशी मी चांगलं वागतो, घरात मात्र तोल जातो. हे ढोंग आहे का?

ढोंग म्हणणार नाही. घरात माणूस थकलेला असतो आणि तिथे सभ्यतेचा धाक नसतो. पण विश्वासाची खरी कसोटी तिथेच लागते.

फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठात राहिलेली संत तेरेझ (1873 ते 1897) या बाबतीत फार उपयोगी पडते. ती चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. मठाच्या भिंतीबाहेर तिने कुठलंही मोठं कार्य उभं केलं नाही. तिने लिहून ठेवलेल्या आठवणींत काय आहे? प्रार्थनेच्या वेळी मागे बसून सतत बारीक आवाज करणारी एक भगिनी, कपडे धुताना हिच्या तोंडावर मळकं पाणी उडवणारी दुसरी, आणि एक अतिशय किरकिरी, आजारी, म्हातारी भगिनी. त्या म्हातारीला संध्याकाळी प्रार्थनेतून उठवून जेवणघरापर्यंत न्यायचं काम तेरेझने मागून घेतलं. बाक अमुक पद्धतीनेच उचलायचा, पट्ट्याला धरून मागून आधार द्यायचा, जोरात चाललं तरी बोलणी, हळू चाललं तरी बोलणी. जेवणघरात बसवून झालं की काम संपलं. पण म्हातारीच्या आखडलेल्या हातांना पाव कापून वाडग्यात घालता येत नाही, हे तेरेझच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून पाव कापून दिल्याशिवाय ती तिथून हलेना. तो कापून झाला की ती म्हातारीकडे बघून छान हसायची.

एका छताखाली राहणाऱ्यांत ममता अशीच दिसते. कोणाचा हात आखडलाय ते बघायचं, आणि नेमून दिलेलं काम झाल्यावर क्षणभर थांबायचं.

मदत मागणारा खरा आहे की खोटा, हे कसं ओळखायचं?

पुष्कळदा ओळखता येत नाही. पैशांऐवजी वस्तू द्यावी, जेवण द्यावं, औषधाचं बिल परस्पर भरावं. असं केल्याने फसगत कमी होते. तरीही कधीतरी फसाल. फसण्याची थोडी तयारी ठेवूनच द्यावं लागतं, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण कधीच फसायचं नाही असं ठरवलं तर दहा खरे गरजू दारातून परत जातील. “काम करत नाही त्याने खाऊ नये” हे वचन अशा वेळी हमखास पुढे केलं जातं. पौल तिथे काम करायला तयारच नसणाऱ्यांबद्दल बोलतो. ज्याला काम मिळत नाही किंवा झेपत नाही, त्याला तो त्यात धरत नाही. आणि त्याच परिच्छेदाच्या शेवटी तो म्हणतो की चांगलं करताना खचू नका.

लोक गैरफायदा घेतात. ख्रिस्ती माणसाने ‘नाही’ म्हणणं चालतं का?

चालतं. येशूनेही म्हटलं आहे. मार्कच्या पहिल्या अध्यायात सगळे त्याला शोधत असताना तो पहाटे एकांतात प्रार्थनेला गेलेला असतो आणि शिष्य बोलवायला आल्यावर म्हणतो, आपण दुसऱ्या गावांना जाऊ या. त्या गावातही आजारी लोक राहिलेच असतील.

यातला एक भाग गंभीर आहे. मारहाण होते आहे, धमक्या दिल्या जात आहेत, पैसे हिसकावले जात आहेत, अशा घरात “सहन कर, दयाळू राहा” असा सल्ला देणं म्हणजे पवित्र शास्त्राचा दुरुपयोग आहे. अशा माणसाला आधी सुरक्षित जागी पोचवावं, कायद्याची मदत घ्यावी. क्षमा ही देवासमोरची गोष्ट आहे आणि तिला वेळ लागू शकतो. त्याच छताखाली परत जाणं ही क्षमेची अट नाही. रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात पौल “शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं” शांतीने राहा, असं जपून लिहितो.

आणि ज्याने साधंच दुखावलं आहे, म्हणजे टोमणा मारला, पाठीमागे बोलला, त्याच्याशी कसं वागायचं?

आवडायलाच हवा, असं नाही. सूर्य दुष्टांवरही उगवतो आणि पाऊस अनीतिमानांवरही पडतो, असं येशू डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो. प्रेम करणाऱ्यांवरच प्रेम केलंत तर त्यात विशेष ते काय, जकातदारही तेच करतात, हेही तिथलंच. छोट्या गोष्टींपासून सुरुवात करा: नमस्काराला नमस्कार, त्याच्याबद्दल कोणी वाईट बोलायला लागलं तर विषय बदलणं, रोज एकदा त्याचं नाव घेऊन प्रार्थना. मन मागाहून येतं. कधी फार उशिरा येतं.

कोणाला मदत करताना येशूबद्दल सांगायलाच हवं का?

मदतीला अट जोडली की तो सौदा होतो. आजारपण, भूक, मुलाची फी, अशा अडचणीत सापडलेला माणूस मोकळेपणाने “नाही” म्हणू शकत नाही, आणि त्याच्या त्या लाचारीचा वापर करणं येशूच्या वागण्यात कुठेही बसत नाही. त्याने दहा कुष्ठरोगी बरे केले. नऊ जण परत फिरकलेही नाहीत. त्यांचं बरेपण त्याने काढून घेतलं नाही.

कोणी आपणहून विचारलं की तुम्ही हे का करता, तर मनापासून सांगावं. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात तेच म्हणतो: तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. त्याने विचारलं नाही तरी मदत तशीच चालू राहावी.

इतिहासातली एक साक्ष इथे आठवते. रोमन सम्राट ज्युलियन ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक होता, त्याला जुन्या देवतांची उपासना परत आणायची होती. सुमारे 362 साली आपल्या एका पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तो तक्रार करतो की हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणे) स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्या गरिबांनाही पोसतात. आपल्या गरिबांनाही, हे महत्त्वाचं.

ख्रिस्ती नसलेली कितीतरी माणसं माझ्यापेक्षा दयाळू आहेत. याचं काय करायचं?

आनंद मानायचा आणि त्यांच्याकडून शिकायचं. प्रेषितांच्या कृत्यांत पौलाचं जहाज फुटतं. जहाजावरचे 276 जण पोहत, फळ्यांना धरून माल्टा बेटावर येतात. थंडी आहे, पाऊस लागला आहे. तिथल्या रहिवाशांनी ना सुवार्ता ऐकलेली, ना यांची ओळख. ते शेकोटी पेटवतात आणि सगळ्यांना जवळ घेतात. त्यांनी आमच्यावर विलक्षण दया केली, असं लूकने कृतज्ञतेने नोंदवून ठेवलं आहे. पुढचा तपशील मला फार आवडतो: पौल स्वतः काटक्या गोळा करून त्या शेकोटीत घालतो. परक्यांच्या चांगुलपणात त्याने हातभार लावला.

दुःखात असलेल्या माणसाशी काय बोलावं? तोंडातून भलतंच निघेल अशी भीती वाटते.

ही भीती चांगली आहे, ती थोडी राहू द्यावी. मुलं, संपत्ती, आरोग्य सगळं गमावलेल्या ईयोबाकडे त्याचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक अक्षर बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. पुढे ते बोलायला लागले, कारणं शोधायला लागले, देवाची बाजू मांडायला लागले आणि सगळं बिघडलं. शेवटी देव त्यांच्यावर रागावतो.

तेव्हा “देवाचीच इच्छा होती”, “तुझा विश्वास कमी पडला असेल”, “देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात”, “निदान दुसरं मूल तरी आहे” यांतलं काहीही बोलू नये. शास्त्रवचनही सांभाळून वापरावं. रोमकरांस पत्रातलं 8:28 (देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याण घडवतात) हे माझ्या अत्यंत आवडीचं वचन आहे, पण दफनविधीच्या दिवशी ते कोणाच्या तोंडावर फेकू नये. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशूला माहीत होतं की थोड्याच वेळात लाजर जिवंत होऊन बाहेर येणार आहे. तरी येशू आधी रडला.

मग करायचं काय? जायचं. फार वेळ बसायचं नाही. “काही लागलं तर सांग” असं म्हणून निघू नये, कारण दुःखातल्या माणसाला काय लागणार आहे हे स्वतःलाच कळत नसतं. “उद्या मुलांना शाळेतून मी आणते” असं नेमकं सांगावं. ओट्यावर भांडी पडली असतील तर न विचारता घासावीत. गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं. लोक ते टाळतात आणि घरच्यांना तेच नाव ऐकायचं असतं. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं. दुसऱ्या महिन्यात कोणी येत नाही, तेव्हा जावं. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस आणि गेल्याची तारीख कुठेतरी लिहून ठेवावी.

आपण चांगल्या हेतूने करतो आणि समोरच्याला ते नको असतं, असं का होतं?

कारण आपण विचारत नाही. बार्तीमय आंधळा होता, त्याला काय हवंय हे उघड होतं. तरी येशूने विचारलं: मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? काठी घेऊन चालणाऱ्याचा दंड परस्पर धरण्याआधी, आजाऱ्याच्या घरात पसारा आवरण्याआधी एवढंच विचारावं. भांडी घासायला हरकत नाही, पण कपाट मात्र विचारल्याशिवाय लावू नये.

सत्य सांगायची वेळ आली तर? ममता म्हणजे सगळं गोडच बोलायचं का?

नाही. येशू श्रीमंत तरुणाला कठीण गोष्ट सांगतो (असेल ते विकून गरिबांना दे), पण त्याआधी मार्क एक वाक्य लिहितो: येशूने त्याच्याकडे न्याहाळून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. ज्याच्याबद्दल हे वाक्य आपल्याला खरेपणाने लिहिता येत नाही, त्याला फटकारायची घाई करू नये. आणि जे सांगायचं ते चारचौघांत सांगू नये. मत्तयच्या 18व्या अध्यायात पहिली पायरी “तू आणि तो एकटे असताना” हीच आहे.

ऑनलाइन वागण्याला हे सगळं लागू आहे का?

पूर्णपणे. चेहरा दिसत नसला तरी पलीकडे माणूसच असतो. खात्री न करता कोणाबद्दलचा मजकूर पुढे पाठवणं म्हणजे खोटी साक्ष देणंच आहे, आणि ती आज्ञा दहांतली आहे.

केलेली मदत लोकांना सांगावी की लपवावी?

येशू म्हणतो, तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू दे. पुढच्याच अध्यायात म्हणतो, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. लोकांनी देवाचा गौरव करावा म्हणून उघडपणे करणं आणि माझं कौतुक व्हावं म्हणून करणं यांतला फरक करणाऱ्याला आतून कळतो. एका बाबतीत मात्र मला शंका नाही: मदत घेणाऱ्याचा चेहरा दाखवणारा फोटो काढू नये. धान्याची पिशवी हातात घेऊन कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या बाईने त्या पिशवीची किंमत आधीच चुकती केलेली असते.

एकेकट्याच्या छोट्या कृत्यांनी काय होणार? अन्याय तर मोठा आहे.

यशयाच्या 58व्या अध्यायात देव उपास करणाऱ्यांना सांगतो की मला हवा तो उपास म्हणजे दुष्टाईचे बंध सोडणं, जोखडं मोडणं, आणि भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं. दोन्ही एकाच श्वासात येतात. ममता एकट्यादुकट्याच्या मर्जीवर सोडली तर कोणीतरी राहून जातं, हे पहिल्या मंडळीच्याही लक्षात आलं. प्रेषितांच्या कृत्यांच्या 6व्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपातून वगळलं जात असल्याची तक्रार येते. प्रेषित तक्रारदारांना गप्प बसवत नाहीत. सात माणसं नेमतात, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातलेच लोक कामावर आले.

पुढची उदाहरणं पुष्कळ आहेत. सुमारे 197 साली उत्तर आफ्रिकेतला टर्टुलियन लिहितो की मंडळीत प्रत्येक जण महिन्यातून एकदा ऐपतीप्रमाणे, स्वेच्छेने थोडं देतो आणि त्यातून गरिबांचं जेवण, त्यांचं दफन, अनाथ मुलं, घरी बसलेली म्हातारी माणसं यांचा खर्च चालतो. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर साथ आली तेव्हा अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने लिहून ठेवलं की विश्वासणारे आजाऱ्यांची सेवा करता करता स्वतः आजारी पडून मेले. चौथ्या शतकात कैसरियाच्या बेसिलने शहराबाहेर आजारी, गरीब आणि वाटसरू यांच्यासाठी एवढी मोठी वसाहत उभारली की लोक तिला नवं शहर म्हणू लागले. मोठं काम असं उभं राहतं. पण त्यातही कोणीतरी एका माणसाच्या तोंडात घास घालत होता.

दुसऱ्यांचं करून करून मी थकून गेलो आहे. देवाला काय सांगू?

थकलोय, एवढंच सांगा. संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून “आता पुरे, मला मरण दे” म्हणाला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दूत आला, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं. एलीयाने खाल्लं आणि परत झोपला. दूत दुसऱ्यांदा आला आणि म्हणाला, ऊठ, खा, तुझ्याने झेपणार नाही इतकी वाट लांब आहे. येशूनेही दमून आलेल्या शिष्यांना, ज्यांना जेवायलासुद्धा सवड मिळत नव्हती, “एकांती चला आणि थोडा विसावा घ्या” असं सांगितलं. झोप घ्या, जेवा, काही कामं दुसऱ्याच्या हाती द्या. आणि बरेच दिवस काळोखच वाटत असेल तर डॉक्टरांकडे जायला संकोच करू नका.

मला मदत करता येते, घेता मात्र येत नाही.

येशू शिष्यांचे पाय धुऊ लागला तेव्हा पेत्राचंही तेच झालं होतं. तो म्हणाला, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. येशूने त्याला सांगितलं की मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. येशू स्वतः घेणारा होता. विहिरीवर त्याने शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं. काही स्त्रिया आपल्या पैशांतून त्याची आणि शिष्यांची सेवा करत, असं लूकच्या 8व्या अध्यायात आहे. कधीच काही न घेणारा माणूस नकळत वरच्या पायरीवर उभा राहतो आणि बाकीच्यांना खाली ठेवतो. पुढच्या वेळी कोणी काही आणून दिलं तर “कशाला उगाच” असं न म्हणता घ्या.

मुलांना हे कसं शिकवावं?

बरोबर न्यावं. आजाऱ्याला भेटायला जाताना, जेवण पोचवताना ती पिशवी मुलाच्या हातात द्यावी. आणि आपण चिडून बोललो असलो तर मुलाचीसुद्धा क्षमा मागावी.

सुरुवात नेमकी कुठून करू?

आधी नजर हवी. आमच्या मंडळीत एक आजी आहेत. दिसायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. गाणं सुरू झालं की त्या पुस्तकाची पानं उलटत राहायच्या, गाणं सापडेपर्यंत तिसरं कडवं चालू असायचं. एका रविवारी कॉलेजात जाणारी एक मुलगी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. क्रमांक जाहीर झाला की आधी आजींचं पुस्तक उघडून द्यायची आणि ओळीखाली बोट फिरवत राहायची. आता आजी पहिल्या ओळीपासून गातात, सुरात नाही, पण मोठ्याने. इतकी वर्षं आम्ही सगळे त्याच सभागृहात बसत होतो.

टबीथा नावाच्या विश्वासणाऱ्या बाईचं प्रेषितांच्या कृत्यांतलं वर्णनही असंच आहे. ती वारली तेव्हा विधवा पेत्राला तिचे गुण सांगत बसल्या नाहीत. तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं रडत रडत दाखवत राहिल्या. कोणाला काय कमी आहे ते तिने आधी पाहिलं होतं आणि तिला शिवता येत होतं.

तेव्हा रोज ज्यांच्या शेजारून जाता त्यांच्यापैकी एकच माणूस निवडा. त्याचं नाव माहीत नसेल तर विचारा. आठवडाभर त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि त्याला कशाची अडचण होते आहे ते बघत राहा. तुम्हाला जे येतं, शिवणं, गाडी चालवणं, अर्ज भरणं, नुसतं शांत बसून ऐकणं, त्यातलं काय त्याच्या उपयोगी पडेल ते त्यालाच विचारा. त्याने “काही नको” म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका; दुसऱ्या दिवशी नाव घेऊन नमस्कार करा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.